कोब्यातली ओल आणि लॅमिनेट: गोव्यातल्या घरात फळ्या बसवण्याआधी

गोव्यात घराच्या कामाची तारीख बहुतेक वेळा चवथ ठरवते. भिंतींचा रंग, पडदे आणि हल्ली लॅमिनेट फ्लोअरिंगसुद्धा गणपती घरी यायच्या आत व्हायला हवं असतं. चवथ येते ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. म्हणजे फळ्या बसवायच्या जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर संततधार लागलेली असताना आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलेच राहत असताना. त्या हवेत कोबा, म्हणजे फळ्यांखालचा सिमेंट-काँक्रीटचा थरही वाळत नाही. अशा कोब्यावर घाईघाईने बसवलेलं लॅमिनेट सणाला सुरेख दिसतं. नंतर काही महिन्यांत जोडांच्या कडा वर येतात, चालताना फळी दबते आणि कपाटाखालून कुबट वास यायला लागतो.

पहिल्यांदाच लॅमिनेटचं काम हातात घेणारे कारागीर, साइटवर नव्याने आलेले सुपरवायझर आणि स्वतःचं घर उभं करून घेणारी माणसं यांच्यासाठी हा लेख आहे. फळी फळीत कशी अडकवायची ते पेटीतल्या कागदावर चित्रांसकट असतं, त्यामुळे इथे ते थोडक्यातच येईल. त्याआधीच्या कामाबद्दल मात्र सविस्तर लिहितो. बिघडलेली लॅमिनेटची कामं उघडून पाहिली की दोष बहुतेक वेळा फळीच्या खालीच सापडतो.

फळी आणि कोबा, दोघांचा स्वभाव

लॅमिनेटच्या फळीत चार थर असतात. सगळ्यात वर झिजेला टिकणारा पारदर्शक थर, त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद, मग जाड गाभा, आणि तळाला फळी वाकू नये म्हणून लावलेला तोलाचा थर. गाभा असतो एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून जोरात दाबलेले. वरून सांडलेलं पाणी वेळेवर पुसलं तर बिघडत नाही. खालून आणि कडांतून शिरणारी ओल मात्र थेट गाभ्याला भिडते आणि तो सादळून फुगतो. एकदा फुगलेला एचडीएफ वाळल्यावर मूळ जाडीला परत येत नाही. म्हणून नंतर पंखे लावून काही साधत नाही, फळीच बदलावी लागते.

आता कोबा. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी रासायनिक क्रियेसाठी लागतं. पन्नास किलोच्या पोत्याला हे होतात बारा-तेरा लिटर. माल हाताळता यावा म्हणून साइटवर पोत्यामागे पंचवीस-तीस लिटर पाणी सर्रास पडतं. हे जास्तीचं पाणी कोब्याच्या बारीक छिद्रांत राहतं आणि वाफ होऊन हळूहळू बाहेर पडतं. त्यात आपण आळी बांधून क्युरिंगचं पाणी भरतो. ते हवंच. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या (राख वगैरे मिसळलेल्या) मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा राखायचा असतो. पण त्यामुळे कोबा पक्का होणं आणि कोबा वाळणं यांत मोठं अंतर पडतं. अठ्ठावीस दिवसांनी मजबुती मोजतात. त्या दिवशी कोबा कोरडा असतो असा समज अनेक साइटवर आहे आणि त्यानेच पुष्कळ नुकसान होतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. उघडा कोबा वरून वाळत जातो. वरचा अर्धा-पाऊण इंच पांढुरका, कोरडा दिसतो, हात लावला तर धूळ लागते, तरी तळ ओला असतो. त्यावर फळ्यांचं आच्छादन पडलं की वाफेची वाट बंद होते. मग आतली ओल सगळ्या जाडीत पसरून सारखी होते आणि कोरडा झालेला पृष्ठभाग पुन्हा ओला होतो. म्हणून वरवर पाहून, हात फिरवून किंवा चप्पल घासून कोब्याची परीक्षा होत नाही. आत काय आहे ते मोजावं लागतं.

पाणी येतं कुठून, ते आधी शोधा

मोजायच्या आधी घराभोवती एक फेरी मारा, शक्यतो पाऊस असताना. ओल कुठून येते ते कळलं नाही तर वर कितीही महागडं औषध लावलं तरी ती दुसरी वाट शोधते.

तळमजला असेल तर पहिला संशय जमिनीवर घ्या. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जांभ्याची जमीन सच्छिद्र, आणि भिंतींचा चिराही सच्छिद्र. जोत्याला ओलरोधक थर नसेल, आणि मातीत रचलेल्या जुन्या घरांत तो सहसा नसतोच, तर ओल भिंतीत वर चढते आणि कोब्याच्या कडेतही उतरते. मांडवी-जुवारीच्या काठची, खाजणालगतची (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीलगतची) किंवा भराव टाकून केलेल्या सखल जागेवरची घरं असतील तर पावसाळ्यात भूजल जोत्याच्या अगदी जवळ येतं.

बाहेर काय काय पाहायचं? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडतंय का. अंगणाचा उतार घराकडे आहे का. नंतर टाकलेल्या पेव्हर्समुळे अंगण जोत्याच्या बरोबरीला आलंय का. हे शेवटचं आजकाल फार दिसतं. गाडी सरळ आत यावी म्हणून अंगण उंच करतात आणि जोतं बुडतं. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींवर पावसाची झड बसते, तिथलं प्लास्टर ठोकून पाहा. भदभद आवाज आला तर आत पाणी शिरलंय. पन्हळ, भिंतीलगत बाहेर उतार देणारी पट्टी, जोत्यापेक्षा खाली जाणारी गटार ही कामं फ्लोअरिंगच्या खर्चात कुणी धरत नाही. तळमजल्यावर खरा फरक मात्र हीच कामं पाडतात.

वरच्या मजल्यावर जमिनीची भीती नाही. तिथे संशय न्हाणीघरावर घ्यायचा. आपल्याकडे फ्लॅटमध्ये न्हाणीघराचा स्लॅब खाली घेतात, त्यात पाइप फिरवतात आणि विटांचे तुकडे व चुरा भरून वर टाइल बसवतात. टाइलचे जोड उघडे पडले किंवा न्हाणी ट्रॅपभोवतीचा (जिथून पाणी निचरा होतं त्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा) सिमेंटचा घेर सुटला की पाणी त्या भरावात साचतं. बाहेर काहीच दिसत नाही. साचलेलं पाणी शेजारच्या बेडरूमच्या कोब्यात आडवं सरकतं.

फोंड्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे अगदी स्वच्छ दिसलं. बेडरूमच्या तीन बाजूंचं लॅमिनेट ठणठणीत होतं. चौथ्या बाजूला, न्हाणीघराच्या सामाईक भिंतीलगत, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) तळाशी काळ्या ठिपक्यांची एक सरळ ओळ होती आणि भिंतीपासून दोन फळ्यांपर्यंत जोड उचलले होते. तिसरी फळी सपाट. फळ्या काढल्यावर खालचा फोम भिंतीकडच्या हातभर पट्ट्यात काळपट आणि चिकट, पुढे पांढराशुभ्र. कोब्यावर ओलीची कड पेन्सिलीने आखावी इतकी स्पष्ट होती. मालकांनी फळ्यांच्या दर्जाची तक्रार केली होती, पण दुरुस्ती करावी लागली ती न्हाणीघरात.

म्हणून वरच्या मजल्यावर काम धरण्याआधी न्हाणीघराचा ट्रॅप बंद करून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घराचं छत व शेजारच्या खोलीची भिंत पाहा. खालच्या घरच्यांना आधी सांगून ठेवा, बरं असतं. भिंतीतल्या पाइपांसाठी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहा. नळ बंद असताना काटा सरकत असेल तर गळती आहे.

दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे लोणा. कोब्यावर किंवा भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी दिसली तर तिथून पाणी ये-जा करतं आणि येताना क्षार आणतं, हे नक्की. पण खाऱ्या हवेच्या पट्ट्यात किंवा खाऱ्या वाळूच्या जुन्या कामांत क्षार स्वतःच हवेतली ओल ओढून घेतात. असा डाग पावसाळ्यात ओला, जानेवारीत कोरडा. भुकटी पाण्याने धुऊ नका, क्षार पुन्हा आत जिरतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा. दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीला फुटणारा घाम. पहिल्या पावसाच्या दिवसांत दमट हवा थंड फरशीला लागते आणि वर पाणी जमतं. एसीच्या खोलीचं दार उघडं ठेवलं तर हमखास. ही ओल हवेतून आलेली असते, कोब्यातून नव्हे.

दिवस मोजा, पण त्यांच्यावर विसंबू नका

नव्या कोब्यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: एका इंचाला एक महिना, तोही क्युरिंग संपल्यावर मोजायचा आणि हवा कोरडी असेल तर. चार इंचांचा कोबा म्हणजे चार महिने. वर सिमेंटची गुळगुळीत घोटाई केली असेल तर छिद्रं बुजलेली असतात, वेळ आणखी लागतो. लोखंडी पत्र्याच्या डेकवर ओतलेला किंवा खाली प्लास्टिक घातलेला कोबा एकाच बाजूने वाळतो.

गोव्यातला पेच असा की हा हिशेब पावसाळ्यात चालतच नाही. कोबा हवेपेक्षा कोरडा होऊ शकत नाही. जुलैमध्ये खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत हवेची सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर कोबा तिथेच अडकतो, आणि आपल्याला तो पंचाहत्तरच्या खाली हवा असतो. मे महिन्यात ओतलेल्या कोब्याचे जून ते सप्टेंबर हे चार महिने वाळण्याच्या खात्यात धरूच नका. दिवाळीनंतर कोब्याला खरी संधी मिळते. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी धुकं-दव असलं तरी दुपारी आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास उतरते.

माझं मत स्पष्ट आहे. तळमजल्यावर लॅमिनेट बसवायचं असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ धरा. चवथीचा आग्रह असेल तर पुढच्या चवथीचा धरा आणि तोवर कोबा उघडा ठेवा. गिऱ्हाइकाला हे सांगणं जड जातं, पण आधी सांगितलेलं ते ऐकून घेतात.

मोजमाप

सुरुवात सगळ्यात स्वस्त चाचणीपासून करा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, कोबा झाडून घ्या आणि तुकड्याच्या चारही कडा रुंद टेपने हवाबंद चिकटवा. उन्हाची तिरीप थेट पडणार नाही अशी जागा निवडा. निदान सोळा तास ठेवायचं असतं. मी सांगेन की संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढा. काढताना एका कोपऱ्यापासून सावकाश उचला आणि दोन गोष्टी पाहा. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब आहेत का, आणि झाकलेला चौकोन आजूबाजूच्या कोब्यापेक्षा गडद झालाय का. गडद चौकोन कधी कधी मिनिटभरात फिका पडतो, म्हणून प्लास्टिक उचलताक्षणी फोटो घ्या. थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला असतील तर ते हवेतले.

या चाचणीत ओल दिसली तर काम थांबवायला तेवढा पुरावा पुरतो. ओल दिसली नाही म्हणून काम सुरू करायला मात्र तो पुरत नाही. प्लास्टिकवर पाणी जमणं तापमानावर अवलंबून असतं, आणि खोलवरची ओल एका दिवसात वर येतेच असं नाही.

दुसरी पायरी हातातलं मीटर. टोकदार पिनांचं मीटर लाकडासाठी असतं, कोब्यावर त्याचा आकडा खरा धरू नका. कोब्यासाठी सपाट पाठीचं, न टोचता मोजणारं मीटर मिळतं. त्याचा उपयोग तुलनेपुरता आहे. खोलीत दर तीन-चार फुटांवर ठेवा आणि खडूने आकडे जमिनीवरच लिहीत जा. अर्ध्या तासात खोलीचा ओलीचा नकाशा तयार होतो. बाहेरच्या भिंती, न्हाणीघराची बाजू, खिडकीखालचा भाग आणि भेगांच्या जागा बहुधा जास्त दाखवतात. पुढची पक्की चाचणी जिथे आकडा सगळ्यात मोठा तिथे करायची. खोलीच्या मध्यावर, सोयीच्या जागी ती केली तर तिचा उपयोग नाही.

पक्क्या चाचणीत कोब्याच्या आतली आर्द्रता मोजतात. अमेरिकन मानक एएसटीएम एफ २१७० असं सांगतं: कोबा एकाच बाजूने वाळत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडायचं, दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर २० टक्के. म्हणजे जमिनीवरच्या चार इंची कोब्याला साधारण ४० मिमी. भोक ब्रशने आणि व्हॅक्यूमने स्वच्छ करायचं, त्यात नळी बसवून तोंड बंद करायचं आणि चोवीस तासांनी आतल्या सेन्सरचा आकडा वाचायचा. पहिल्या हजार चौरस फुटांना तीन जागा, पुढच्या प्रत्येक हजाराला एक, आणि जमिनीवरचा कोबा असेल तर बाहेरच्या प्रत्येक भिंतीपासून तीन फुटांच्या आत निदान एक. चाचणीआधी अठ्ठेचाळीस तास खोली रोजच्या वापरात असेल तशा हवेत ठेवायची.

चाळीस टक्के खोलीच का, असं नवीन मुलं विचारतात. झाकल्यावर ओल सगळ्या जाडीत सारखी झाली की पृष्ठभागावर जी आर्द्रता येईल, ती आज साधारण त्या खोलीवर सापडते. हा आकडा फळ्या बसल्यानंतरची स्थिती आधीच सांगतो.

मर्यादा किती? लॅमिनेटच्या अनेक कंपन्या ७५ टक्के देतात. युरोपीय कंपन्या कार्बाइड पद्धतीचा आकडा देतात. त्यात कोब्याचा थोडा चुरा बंद बाटलीत कॅल्शियम कार्बाइडसोबत हलवतात, तयार झालेल्या ॲसिटिलीन वायूच्या दाबावरून पाणी कळतं, आणि सिमेंटच्या कोब्याला मर्यादा साधारण २ टक्के असते. हा वायू पेट घेतो, म्हणून बाटली उघडताना जवळ विडी, वेल्डिंग काहीही नको. आपल्या पेटीतल्या कागदावर जो आकडा छापला असेल तोच धरा, कारण हमी त्याच आकड्यावर मिळते. मोजलेले आकडे, तारीख आणि जागा लिहून मालकांची सही घ्या. पुढे वाद झाला तर तो कागद दोघांच्याही कामी येतो.

आकडा जास्त आला तर

पाण्याचा स्रोत सापडला असेल तर आधी तो बंद करा आणि कोबा पुन्हा मोजा. स्रोत नाही, नुसता नवा कोबा आहे, तर वाळवा. पावसाळ्यात खिडक्या उघडून पंखा लावला तर दमट हवाच फिरत राहते. दारं-खिडक्या मिटून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा, साधारण पन्नास टक्क्यांवर. नसेल तर एसी चालवा, पाण्याची नळी बाहेर काढा. हवा कोब्यावरून सरकावी म्हणून एक टेबल फॅन जमिनीलगत ठेवा. हिवाळ्यात उलटं करा. ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास खिडक्या उघडा आणि दिवस मावळायच्या आत मिटा, नाहीतर रात्रीचं दव दिवसभराची कमाई परत घेतं. गॅसची शेगडी किंवा ब्लोअरची ज्योत लावून कोबा भाजू नका. गॅस जळताना पाण्याची वाफ होते, आणि वरचा थर तापून भेगा जातात ते वेगळंच.

आकडा थोडाच जास्त आहे आणि थांबायला खरंच वेळ नाही, अशा वेळी दोन घटकांच्या इपॉक्सीचा ओलरोधक थर देता येतो. हे काम करायचं तर पूर्ण करा. कोबा मशिनने घासून खडबडीत करा, जुना रंग, तेल, सिमेंटचा सुटा थर सगळं काढा, भेगा भरा, व्हॅक्यूम मारा. ॲसिडने धुऊ नका, त्याने पाणी आणि क्षार दोन्ही आत जातात. पहिला हात एका दिशेने, दुसरा आडव्या दिशेने. सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली तरी वाफ तिथूनच येते, म्हणून दुसऱ्या हातानंतर टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पाहा. वर सेल्फ लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणारा सिमेंटचा पातळ माल) ओतायचं असेल तर दुसरा हात ओला असतानाच कोरडी स्वच्छ वाळू शिंपडा, नाहीतर गुळगुळीत इपॉक्सीवर लेव्हलिंग धरत नाही. डब्यावर किती टक्क्यांपर्यंतची आर्द्रता चालते ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

जमिनीतून दाबाने येणाऱ्या पाण्यावर हा थर उपाय नाही. पावसाळ्यात ज्या घराच्या कोब्याच्या भेगेतून पाणी झिरपतं, तिथे आधी गटार आणि निचरा.

लॅमिनेट नको, असंही सांगावं लागतं

जोत्याला ओलरोधक थर नसलेलं जुनं चिऱ्याचं घर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर नंतर ओतलेला पातळ कोबा, किंवा पुराचं पाणी शिरतं अशी जागा असेल, तर मी लॅमिनेट सुचवत नाही. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, फोंडा भागात कितीतरी घरांत पाणी शिरलं. अशा ठिकाणी एचडीएफची फळी एका रात्रीत जाते. वसरीत, बलकांवात (घरासमोरच्या बैठकीच्या ओसरीत) लाल ऑक्साइडचा कोबा किंवा साधी टाइल बरी. जुन्या घराची जमीन श्वास घेत असते, ती झाकली की ओल भिंतीत चढते आणि चिऱ्याचं प्लास्टर पोपडे धरतं. दगडी चुऱ्याच्या एसपीसी फळ्या पाण्याने फुगत नाहीत हे खरं, पण खालची ओल कोंडून बुरशी धरायची ती धरतेच.

जुन्या टाइलवर लॅमिनेट बसवता येतं. टाइल असली की ओल येत नाही हे मात्र चुकीचं आहे, जोडांतून वाफ येते. पोकळ वाजणाऱ्या टाइल काढा, खड्डे भरा आणि खाली दिलेली फिल्म घालाच.

फिल्म, फोम आणि फळ्या

कोबा मर्यादेत आला तरी काँक्रीटवर ओलरोधक फिल्म लागतेच. पॉलिथिनची, निदान ०.२ मिमी जाडीची घ्या. पट्टे एकमेकांवर २० सेंमी चढवा, जोडावर सलग टेप मारा, आणि भिंतीवर ५ सेंमी वर न्या. जास्तीची कड स्कर्टिंग बसल्यावरच कापायची. फिल्म अंथरल्यावर तिच्यावर खिळेवाल्या चपला, ग्राइंडर, पेट्या ओढणं बंद. एक फाटका कोपरा पुरतो. वाळवीचं औषध मारायचं असेल तर ते फिल्मच्या आधी, आणि वाळू द्या.

त्याआधी सपाटी तपासा. दोन मीटरची सरळ पट्टी फिरवून खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटा घासा, खळगा भरा. लेव्हलिंगच्या मालातही पाणी असतं, पोत्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण द्या. फिल्मवर दोन-तीन मिमीचा फोम, एकच थर. पाय मऊ पडावा म्हणून दोन थर घातले की जोड दबून तुटतात.

पेट्या न उघडता, आडव्या, त्याच खोलीत अठ्ठेचाळीस तास ठेवा. थेट कोब्यावर नको, खाली पट्ट्या द्या. भिंतीशी, दाराच्या चौकटीशी, पाइपाभोवती ८ ते १० मिमी जागा सोडा. पावसाळ्यात फळ्या किंचित पसरतात, जानेवारीत आकसतात, ही हालचाल त्या फटीत होते. फट सिमेंटने किंवा कडक सिलिकॉनने बुजवू नका आणि जड कपाट फळ्यांतून खाली स्क्रूने पक्कं करू नका. लांबलचक दालन असेल किंवा एका खोलीतून दुसरीत फळ्या जात असतील तर दारात जोडपट्टी द्या.

पहिला पावसाळा

काम झालं की खोलीत एक साधं आर्द्रतामापक टांगा. साठच्या आसपास काटा असेल तर उत्तम. पावसाळ्यात तो सत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिला तर रोज थोडा वेळ एसी ड्राय मोडवर चालवा, विशेषतः पावसाळाभर बंद राहणाऱ्या फ्लॅटमध्ये. मुंबई-पुण्याला राहून सुटीत येणाऱ्यांची घरं याच कारणाने बिघडतात, चावी शेजारी देऊन ठेवणं सोयीचं.

पोछा घट्ट पिळलेला हवा. बादलीने पाणी ओतून धुणं बंद. जूनच्या मध्यावर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीलगतची आणि न्हाणीघराच्या बाजूची स्कर्टिंग बोटाने दाबून पाहा, जोडांवरून तळहात फिरवा. कड हाताला लागली तर त्या भागातली स्कर्टिंग काढून फट मोकळी आहे का ते पाहा. फट भरलेली असेल तर फळी भिंतीला टेकलीय, ती कापून जागा द्या. फट मोकळी असूनही कड उचललेली असेल तर ओल खालून येतेय. मग त्या बाजूच्या फळ्या सोडवा आणि तिथे पुन्हा मीटर लावा.